बावीस पायऱ्या

‘सही माझी नाही.’ एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे समोरचा ते उच्चारायला लागला की मी टेबलावरचे कागद आवरायला घ्यायचो. नोकरी सहकारी बँकेतली, गाव यंत्रमागांचं, इचलकरंजी. आमच्या वसुली खात्यात ‘तीन नाही’ नावाचा एक विनोद होता. सही माझी नाही, नोटीस मिळाली नाही, मुदत संपल्याचं कळलंच नाही. थकबाकीदार आत आला की आम्ही एकमेकांकडे बघून बोटांवर मोजायचो. तिसरं ‘नाही’ आलं की कुणीतरी चहा सांगायचं.

त्यातही सही नाकारणारा उशिरा आला, तर माझ्या लेखी निकाल लागलेलाच असायचा. सही खरंच खोटी असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील, पोलिसांत जाईल. जप्ती दारात आल्यावर ज्याला आपली सही आठवते, तो लबाड. हे मी नव्या पोरांना शिकवायचो, आणि शिकवताना मला स्वतःचा बराच अभिमान वाटायचा.

या तोऱ्याला एक जुनं मूळही होतं. सहकाराच्या प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला सुप्याची गोष्ट सांगत. १२ मे १८७५, भीमथडी तालुका, बाजाराचा दिवस. रयतेनं सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ साली डेक्कन शेतकरी कायदा आला. नुसत्या रोख्यावर विसंबू नका, त्यामागचा मूळ व्यवहार तपासा, असं त्यानं न्यायालयांना बजावलं. सावकाराच्या वहीतला आकडा आणि रयतेचा अंगठा यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हे ब्रिटिश सरकारलाही मान्य करावं लागलं होतं. ही गोष्ट ऐकताना आम्ही सगळे रयतेच्या बाजूनं माना डोलवायचो. आपण आता वही ठेवणाऱ्याच्या खुर्चीत बसलो आहोत, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. आम्ही सहकारातले, सावकार थोडेच होतो!

मार्च १९९९. मार्चअखेर म्हणजे बँकेत लगीनघाई. ठेवी, वसुली, नवं कर्जवाटप, सगळ्यांचे आकडे महिना संपायच्या आत वर कळवायचे. एका खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाचं साडेतीन लाखांचं कर्ज मंजूर होऊन पडलं होतं. त्याला जुने आठ माग घ्यायचे होते. तारण म्हणून आईच्या नावावरचं घर. वडील प्राथमिक शिक्षक होते, वारलेले. त्यांनी हयातीतच घर बायकोच्या नावानं घेतलेलं. प्रकरण साधं होतं, माझ्याच टेबलावर होतं.

अशा कर्जाला आम्ही नोंदणीकृत गहाणखत करत नसू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सोपी वाट आहे. मालकानं मूळ खरेदीखत कर्जाच्या तारणापोटी म्हणून बँकेच्या हवाली करायचं, झालं गहाण. तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नसे, खर्च कमी. बँक आपल्या रजिस्टरात नोंद करते, तीही झाल्या गोष्टीची नोंद म्हणून: अमुक अमुक यांनी अमुक दिवशी शाखेत समक्ष येऊन, गहाण ठेवण्याच्या इराद्यानं, खालील कागदपत्रं जमा केली. खाली अधिकाऱ्याची सही. या सगळ्या डोलाऱ्याला आधार असतो तो एकाच शब्दाचा, ‘समक्ष’. मालक स्वतः आला, त्यानं आपल्या हातानं कागद दिले, आणि ते मी पाहिलं.

आमची शाखा पहिल्या मजल्यावर होती. खाली भांड्यांचं दुकान, बाजूनं अरुंद दगडी जिना, बावीस पायऱ्या. मुलगा पिशवी घेऊन वर आला. “आईचे गुडघे गेलेत साहेब, जिना चढवत नाही. खाली रिक्षात बसलीय. कागद द्या, सही घेऊन येतो.” मी कागद दिले. त्यानं सही आणली. तो कागद रजिस्टरात लावला, आई समक्ष आल्याचं मी लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली. खाली जाऊन एकदा नमस्कार केला असता तर दोन मिनिटं गेली असती. टेबलासमोर सात माणसं उभी होती, एवढं मात्र खरं. कितीतरी वर्षं मी स्वतःला ही सात माणसं सांगत आलो.

पुढचं इचलकरंजीतल्या कुणालाही न सांगता कळेल. सूत महागलं, मजुरीचे दर पडले, आठांतले पाच माग भंगारात गेले. २००३ मध्ये हप्ते थांबले. बँकेनं सहकार न्यायालयात दावा लावला, मायलेक दोघेही प्रतिवादी. समन्सं मुलानं घेतली, दोघांच्या वतीनं वकीलपत्रही त्यानंच दिलं, आणि नंतर तारखांना कुणी फिरकलं नाही. १४ नोव्हेंबर २००६ ला निवाडा बँकेच्या बाजूनं झाला. अपिलाची मुदत दोन महिने. ती संपली. जानेवारी २०१० मध्ये घरावर जप्तीची नोटीस डकवली, आणि ११ फेब्रुवारीला म्हातारीचं अपील दाखल झालं. सोबत विलंब माफीचा अर्ज. १,१२४ दिवसांचा उशीर. अर्जात ‘तीन नाही’ ओळीनं हजर होते: सही माझी नाही, समन्स मिळालं नाही, निवाड्याची माहिती नव्हती.

बँकेच्या वतीनं उत्तराचं प्रतिज्ञापत्र मी केलं. मसुदा वकिलांचा, पण त्यातली धारदार वाक्यं माझी. अर्जात म्हातारीला ‘अशिक्षित व वृद्ध’ म्हटलं होतं. मी लिहिलं, अर्जदार शिक्षकाच्या पत्नी असून रोज वर्तमानपत्र वाचतात. उशिराच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा केलेला नाही, असं लिहिलं. आणि एक वाक्य मी मुद्दाम घालून घेतलं. मुलगा नोव्हेंबर २००९ मध्ये हृदयविकारानं गेला होता. मी लिहिलं: मृत व्यक्तीवर दोष ढकलणं सोपं असतं, म्हणून अर्जदारानं त्याच्या मृत्यूची वाट पाहिली.

हे वाक्य आज लिहितानाही हात जड होतो. वाट पाहिली, एवढं त्यात खरं होतं. का पाहिली, याचा मी घेतलेला अर्थ किती हलकट होता ते मला दोन वर्षांनी कळायचं होतं.

१७ ऑगस्ट २०१०, मंगळवार. म्हातारीच्या वकिलांनी सही ताडून पाहण्यासाठी जोडलेल्या कागदांच्या प्रती आमच्याकडे आल्या. म्हातारीला, म्हणजे काकूंना, नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळे, दुसऱ्या एका बँकेतून. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १९९१ पासून २००९ पर्यंतचे एकोणीस दाखले होते. वकिलांना द्यायला टिपण करायचं म्हणून मी ते टेबलावर ओळीनं मांडले.

पहिला, १९९१ चा. नवरा, म्हणजे गुरुजी, त्याच वर्षी गेलेले. सहीच्या जागी आधी ‘सौ’ लिहिलेलं, मग त्यावर एक आडवी रेघ, आणि पुढे उरलेल्या जागेत दाटीवाटीनं ‘श्रीमती’ आणि नाव. नाव चौकटीबाहेर गेलेलं. सवयीनं हात गेला असणार, आणि अर्ध्यात लक्षात आलं असणार. १९९२ च्या दाखल्यावर ‘श्रीमती’ नीट, पण घाबरत घाबरत काढल्यासारखं. मग वर्षागणिक अक्षर मोठं होत गेलं, सैल होत गेलं. १९९६ पासून शिरोरेषा अक्षरांना सोडून वर तरंगायला लागली. मोतीबिंदू. १९९८ मध्ये रेघ एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. १९९९ च्या नोव्हेंबरात तसंच, त्याहून वाईट. २००१ मध्ये एकदम सगळं पुन्हा रेघेखाली आलं, शस्त्रक्रिया झालेली असणार. एका बाईच्या आयुष्याची एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर पसरली होती, तीही ती जिवंत आहे एवढंच सिद्ध करण्यासाठी घेतलेल्या कागदांवर.

मग मी आमचं मार्च १९९९ चं पान उघडून १९९८ आणि १९९९ च्या दाखल्यांच्या मधे ठेवलं.

शिरोरेषा दोरी लावून आखल्यासारखी सरळ. अक्षर बारीक, तरणं. आणि सुरुवातीला ठसठशीत ‘सौ.’

आमच्याकडे तिच्या नमुना सहीचं कार्ड होतं, १९८३ चं, नवऱ्यासोबत खातं उघडलं तेव्हाचं. रजिस्टरातली सही त्या कार्डाशी तंतोतंत जुळत होती. जुळते म्हणून तर इतकी वर्षं मी निर्धास्त होतो, प्रतिज्ञापत्रातही तेच छातीठोकपणे लिहिलं होतं. सोळा वर्षांत त्या बाईचे डोळे गेले, नवरा गेला, हात थरथरायला लागला. आमच्या रजिस्टरातली तिची सही मात्र १९८३ मध्येच थांबली होती. आणि आठ वर्षांपूर्वी विधवा झालेली, पहिल्याच दाखल्यावर स्वतःच्या हातानं ‘सौ’ खोडलेली बाई, घर गहाण टाकताना स्वतःला सौभाग्यवती लिहील? त्याच प्रकरणातल्या कर्जअर्जावर टंकलिखित नाव ‘श्रीमती’ आहे. दोन्ही कागद माझ्या हातून गेले होते.

पण माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे नाही. ‘सौ.’कडे बघता बघता मला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणतो, पण मी ती विसरलो होतो की दडपली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी मुलगा दोनदा खाली गेला होता. पहिल्यांदा आणलेली सही ‘श्रीमती’ अशी होती, वाकडीतिकडी. मी कार्ड काढून ताडून पाहिली आणि म्हणालो, ही जुळत नाही, ऑडिटमध्ये अडकेल. कार्डावर ‘सौ.’ आहे, तशी करायला सांगा आईंना. तो घुटमळला. मग मी कार्डच त्याच्या हातात दिलं. “हे दाखवा त्यांना, अशीच पाहिजे.” नमुना सहीचं कार्ड काउंटरबाहेर जाऊ द्यायचं नसतं, हे शिपायालाही माहीत असतं. दहा-पंधरा मिनिटांनी तो वर आला. सही अगदी कार्डासारखी. पहिला कागद मी फाडून टोपलीत टाकला, आणि त्याला म्हणालो, “हां, आत्ता कसं!”

खोटी सही त्यानं केली. पण नमुना मी पुरवला, आणि पास झाल्याचं शाबासकीसकट कळवलंही मीच.

आमच्या वकिलांना मी त्याच आठवड्यात भेटलो. कार्डाचं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की सहीबद्दल मला शंका आहे. ते हसले. “साहेब, विलंबच माफ झाला नाही तर सहीपर्यंत पोचतंय कोण? तुम्ही रजिस्टरात लिहिलंय तेच बोला.” कायद्यानं ते चूक बोलत नव्हते. मुदत हा दाराचा अडसर आहे, आत काय आहे हे अडसर निघाल्यावर बघायचं. मी मान डोलावली आणि घरी आलो.

आणि गप्प बसलो.

त्या दिवसांत मी एक काम केलं, त्यांच्या वकिलांनी जोडलेला सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल वाचला. अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणातला, ‘कातिजी’ नावानं वकील मंडळी ओळखतात तो. सरकारला अपिलाला चार दिवस उशीर झाला होता. त्यात न्यायालय म्हणतं की उशीर करून अपील करणाऱ्याचा सहसा काही फायदा नसतो, आणि दिवसादिवसाचा खुलासा मागण्याचा अट्टहास करू नये. मग तासाचा का नको, सेकंदाचा का नको, असंही विचारतं. प्रतिज्ञापत्रातलं माझं वाक्य मला दिसत होतं. म्हातारीकडे मी १,१२४ दिवसांचा दिवसवार हिशेब मागितला होता. माझा स्वतःचा हिशेब त्या मंगळवारपासून चालू झाला होता, आणि तो कुणी मागत नव्हतं.

माझ्या उशिराची कारणं मी लपवत नाही. निवृत्तीला पावणेदोन वर्षं उरली होती. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, धाकट्या मुलीचं लग्न. चौकशी लागली तर सगळं अडकणार. शिवाय कार्ड देणं ही नुसती चूक धरली जाईल की कटातला भाग, या भीतीनं मी रात्री उठून बसायचो. मौल्यवान दस्ताच्या बनावटीला तेव्हाच्या दंडविधानात, कलम ४६७ खाली, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. बायकोलाही बोललो नाही. मे २०१२ मध्ये निवृत्त झालो, पैसे हातात आले, आणि मगच मला सदसद्विवेक सुचला. २९ जुलै २०१२, रविवार, मी काकूंच्या दारात उभा राहिलो. ७१२ दिवस.

घर अजून त्यांच्याच ताब्यात होतं, अपिलामुळे जप्ती थांबलेली. सून आतल्या खोलीत कुणाचे तरी ब्लाउज शिवत होती. काकूंनी मला ओळखलं नाही, ओळखायचा प्रश्नच नव्हता. आम्ही कधी भेटलोच नव्हतो. मी नाव सांगितलं, बँक सांगितली. “बसा की,” म्हणाल्या. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी कार्डाचं सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या, मधेच चष्मा पुसत होत्या. माझं संपल्यावर मी विचारलं, “त्या दिवशी रिक्षात कोण होतं, काकू?”

“कुठला दिवस ते मला काय ठाऊक? दिवस तुमच्या रजिस्टरात.”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या अर्जात नव्हतं, आणि येऊ शकणारही नव्हतं. १९९९ च्या दिवाळीत ट्रंक आवरताना खरेदीखत दिसलं नाही, तेव्हाच त्यांना कळलं होतं. मुलगा पाया पडून रडला. दोन वर्षांत सोडवून आणतो म्हणाला. पुढे कोर्टाचे कागद यायला लागले, तो ते लपवायचा, आणि तो लपवतोय हेही त्यांना दिसत होतं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं? सही माझी नाही म्हणून?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. शिकवणीच्या पोराला सोपं गणित येत नाही तेव्हा बघतात तसं. “माझी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार, साहेब? मग कुणाची? त्याचं उत्तर मी द्यायचं होतं?”

तो गेला, तेराव्याचं आटोपलं, सांगलीहून मुलगी आली, आणि मगच त्या वकिलाकडे गेल्या. आता उत्तर दिलं तरी कुणाला बेड्या पडणार नव्हत्या. मुलाच्या मृत्यूची वाट पाहिली असं मी लिहिलं होतं. ते प्रतिज्ञापत्र सुनेनं त्यांना वाचून दाखवलेलं होतं. त्यांनी तो विषय काढला नाही. चहा कपात ओतून दिला, साखर बघा म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येताना मी नोकरीतले जुने थकबाकीदार आठवत होतो. पहिल्याच नोटिशीला उलट टपाली ‘सही खोटी’ म्हणून ठोकून देणारे वकिलांच्या सल्ल्यानं बोलायचे, त्यांना बोलायला काही अडचण नसायची. उशिरा येऊन, टेबलाच्या कडेला बोट घासत, अर्धवट बोलून निघून गेलेले किती? त्यांच्यातल्या किती जणांच्या सह्या घरातल्याच कुणीतरी केल्या होत्या? त्या चेहऱ्यांतला एकही मला धड आठवेना. मी चहा सांगत होतो ना.

मी नवं प्रतिज्ञापत्र केलं. त्यातही एक अडचण होती. काकूंना गोष्ट आधीपासून माहीत होती, हे आता मला माहीत होतं, आणि त्यांचा अर्ज ‘माहिती नव्हती’ म्हणत होता. मी फक्त माझ्या डोळ्यांपुरतं लिहिलं: त्या समक्ष आल्या नव्हत्या, आणि कार्ड मी दिलं. बाकी कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. हे बरोबर केलं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीन हजार रुपये खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला, काकूंपुरता निवाडा रद्द होऊन दावा फेरसुनावणीला खाली आला.

साक्षीच्या दिवशी उलटतपासणीला आमचेच जुने वकील उभे होते. “तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?” हा प्रश्न येणार हे मी ओळखून होतो, रात्रभर उत्तराची घोकंपट्टी केली होती. तोंडातून निघालं एवढंच, “तेव्हा.” “म्हणजे शपथेवर खोटं?” “होय.” लघुलेखकानं मान वर करून बघितलं. मागच्या बाकावर बँकेचे दोन कर्मचारी बसले होते, माझ्याच हाताखाली शिकलेले. त्यातल्या एकानं खाली बघितलं.

सहकार न्यायालयही पहिल्या मजल्यावरच आहे. त्या सकाळी काकू मुलीबरोबर रिक्षानं आल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो होतो, गुडघ्यांचं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. हात देऊ का, म्हणून पुढे झालो. त्यांनी पदर खोचला, चप्पल नीट केली आणि जिना चढायला लागल्या, एकेक पायरी, न थांबता, मुलीशी बोलत बोलत. मध्यावर मलाच दम लागला. कठड्याला धरून उभा राहिलो तेव्हा त्या वर पोचल्या होत्या.